चौदा नंबरची जागा

केसरच्या रागाबद्दल किनाऱ्यावर जेवढ्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. तिने एका टुरिस्टाच्या गाडीची हवा सोडली, हे खोटं. हवा नव्हती सोडली. गाडीची चावी काढून घेतली होती, आणि वाळत घातलेल्या जवळ्यावरून पुन्हा गाडी नेणार नाही एवढं कबूल करून घेऊन परत दिली होती. नवऱ्याला तिने होडीतून ढकललं, हेही खोटं. तुकाराम आपला आपणच पडला होता, आणि पडला तेव्हा त्याच्या तोंडाला कसला वास येत होता हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. पण मंडळाच्या साहेबाला भरल्या हॉलमध्ये तिने चार शब्द सुनावले ते मात्र खरं, आणि त्यापुढे जे झालं तेही खरं. ते सांगायला कोणी पुढे येत नाही, म्हणून सांगायचं.

गावाचं नाव मुद्दामच देत नाही. आगरदांड्याच्या जेट्टीवरून मुरूडकडे निघालं की समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं लागतात, त्यांच्या मागे एक कोळीवाडा आहे, एवढं पुरे. वाडा आणि वाळू यांच्या मधे एक सपाट मैदान आहे. त्याला खळं म्हणतात. परक्या माणसाला ती रिकामी जमीन वाटते. सरकारला तर वाटतेच. पण दरवर्षी पावसाळा सरला की वाड्यातल्या बत्तीस घरांतल्या बत्तीस बाया डोक्यावरून माती आणतात, भिजवतात, लाकडी चोपण्यांनी आठ दिवस चोपतात, वर शेणाचा हात फिरवतात, तेव्हा कुठे ते खळं होतं. अर्ध्या भागात जवळा पसरतात. उरलेल्या अर्ध्यात खांब रोवून दोऱ्या ताणतात आणि त्यांवर बोंबील टांगतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडीजोडीने. केसरचे हात हे काम चाळीस वर्षं करताहेत. बोलता बोलता, भांडता भांडता, न बघता ती जोडी लावते.

या खळ्याची एक रीत आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. खळ्याच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला देवीचा पाषाण आहे. खळं देवीचं, आपण नुसत्या वापरणाऱ्या, असं मानतात. प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, वीतभरसुद्धा इकडची तिकडे व्हायची नाही. पण 'ही माझी जागा' असं तोंडाने म्हणायचं नाही. चुकून एखादी म्हणालीच तर तिला दंड. एक पाटी बोंबील खळ्यावर ठेवायचे, ते बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. केसर नवी सून असताना एकदा भांडणाच्या भरात म्हणून गेली होती. तिची सासू कृष्णाबाई हिने स्वतः उभं राहून सुनेकडून पाटी वसूल केली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत तो शब्द केसरच्या तोंडून गेला नाही.

तर झालं असं, की गेल्याच्या गेल्या वर्षी जानेवारीत एक सर्व्हेवाली बाई आली. मुंबईत कुठल्याशा अकराव्या मजल्यावर 'सागरकिनारा व्यवस्थापन मंडळ' नावाचं एक प्रकरण नव्याने उघडलं होतं, त्याने पाठवलेली. बाई वाईट नव्हती. चप्पल खळ्याबाहेर काढून आत आली, मावशी मावशी म्हणाली. केसरने तिला चहा पाजला. मग तिने हातातला टॅब काढला.

"मावशी, ही जागा कोणाची?"

"आमची कुठली बाय? देवीची हाय," केसर म्हणाली.

"तुमच्या नावावर नाही?"

"देवीच्या जागंवर कोन आपलं नाव लावतो?"

"म्हणजे मालकी तुमची नाही."

"न्हाय गो. आमी कोन मालक?"

बाईने टॅबवर बोट टेकवलं. मग ती दुसरीकडे गेली, तिसरीकडे गेली. बत्तीस बायांना तिने तोच प्रश्न विचारला आणि बत्तीस बायांनी तेच उत्तर दिलं. दुसरं काय देणार? जाताना केसरने तिला सुके बोंबील कागदात बांधून दिले, वर कसे भाजायचे तेही सांगितलं. आपल्या हाताने आपल्या गळ्याला फास बांधून दिला, असं आता ती म्हणते, आणि म्हणताना अजूनही कपाळावर हात मारून घेते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, खळं चोपून तयार झालं आणि दोऱ्या ताणायच्या दिवशीच सुरूच्या बुंध्यावर नोटीस लागली. नोटीस मराठीतच होती, पण ते मराठी समजायला कोळीवाड्यातल्या कोणाचा जन्म पुरला नसता. म्हणून वरच्या बौद्धवाडीतून प्रज्ञाला बोलावलं. प्रज्ञा हायस्कूलात इतिहास शिकवते. पस्तिशीची, बारीक, आणि गोड बोलायचं व्रत अजिबात न घेतलेली. तिने नोटीस दोनदा वाचली आणि मग साध्या भाषेत सांगितली.

"वापर करणाऱ्यांनी मालकी नसल्याचं स्वतः सांगितलंय. म्हणून ही जमीन आता मंडळाकडे आली, असं म्हणतात. इथे वाळवण घालायचं तर एका जागेला दिवसाला दहा रुपये. पावती घ्यायची. प्रत्येक जागेला नंबर देणार."

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या जागेवरची भागुबाई हसली. "दहाच ना? मला वाटलं काय न काय. दहा रुपयं चहाला जातात गो."

दोघी-तिघींनी मान हलवली. आणि इथे केसरचा पारा जो चढला तो आजतागायत पुरता उतरलेला नाही.

"दहा रुपयं?" ती ओरडली. "भागू, माती तू व्हायलीस. चोपलंस तू. शेण तू सारवलंस. आनि मुंबईचा मानूस पावती फाडनार? कशाची? उन्हाची? वाऱ्याची? म्हातारी मेल्याचं दुख न्हाय, काळ सोकावतो! आज तू दहा दिलेस की उद्या तो ईस मागंल, परवा म्हनंल, बाय, तू जा, हितं मला हॉटेल बांधायचंय. आनि तू पावती घेतलीस म्हंजे तूच कबूल केलंस, की त्यो मालक आनि तू भाडेकरू."

"पन आपनच बोल्लो व्हतो, आपली न्हाय," भागुबाई हळूच म्हणाली.

खरं टोचलं की केसरचा राग दुप्पट होतो. तिने हातातली दोरी आपटली आणि ती प्रज्ञावर घसरली. "तू शिकलेली ना? मग सांग, आसं जगात आनखी कुनाला केलंय काय? का आमीच येडे?"

प्रज्ञा नोटिशीखालच्या ओट्यावर बसली. "केलंय की. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जाऊन वसलेली इंग्रज माणसं होती. राज्य लंडनमधून चालायचं, मधे अख्खा समुद्र. एक पत्र जायला महिना-दीड महिना. लंडनच्या सभेने यांच्यावर कर बसवले. कागदावर, काचेवर, चहावर. त्या सभेत यांचा एकही माणूस नव्हता. यांनी आरडाओरडा केला, तेव्हा लंडनने बरेचसे कर मागे घेतले. चहावरचा ठेवला."

"त्योच का ठेवला?"

"हक्क सोडला नाही हे दाखवायला. आणि पुढे तोच चहा एवढा स्वस्त करून पाठवला, की कर भरूनसुद्धा चोरट्या चहापेक्षा कमी किमतीला पडावा."

"मंग घेतला त्यांनी?"

"एका बंदरात रात्रीत पेट्या फोडून समुद्रात ओतला."

केसरने एवढ्या लांबच्या माणसांना पहिल्यांदाच मनापासून दाद दिली. "शाब्बास. स्वस्त केला तवाच त्यांना कळलं आसंल. आमिष बी स्वस्तच आसतं. गळ आत आसतो."

"एवढं कौतुक नको," प्रज्ञा म्हणाली. "आम्हांला विचारल्याशिवाय कर लावू नका म्हणून लढणारी तीच माणसं घरात गुलाम ठेवायची. त्यांना कोण विचारत होतं? लांब कशाला जायचं. माझी पणजी चंदाबाई याच खळ्याच्या कडेला उभी राहायची. आत पाय ठेवायचा नाही. जवळा वरून तिच्या फडक्यात पडायचा. पुढे माझे पणजोबा महाडच्या तळ्यावर गेले. घरात प्यायला पाणी नव्हतं म्हणून नाही गेले. तळं सगळ्यांचं, मग आम्हीच का विचारायचं, म्हणून गेले. तेव्हा मावशी, तुमच्यासाठी म्हणून मी हे वाचत नाही. चूक आहे म्हणून वाचते."

केसरचं माहेरही याच वाड्यातलं. ते उभं राहणं तिने लहानपणी स्वतः पाहिलं होतं, कोणाच्या हातून जवळा पडायचा तेही तिला आठवत होतं. तिला लाज वाटली. माणसाला आपल्यावर बेतलं की कळतं, एरवी सगळे पाषाणच. तिने आपल्या जागेवरची दोरी बाजूला सारली आणि प्रज्ञाला आत यायला वाट करून दिली. प्रज्ञाने चप्पल काढली आणि ती आत आली. त्या दिवसापासून मंडळाचे कागद प्रज्ञा खळ्याच्या मधोमध बसून वाचू लागली.

हरकती ऐकायला मंडळाने सुनावणी ठेवली तालुक्याच्या गावी, एका लग्नाच्या हॉलमध्ये. बारा बाया टेम्पोतून गेल्या. ऐन बोंबलाच्या दिवसांत, माल दोरीवर सोडून. स्टेजवर साहेब, साहेबाच्या बाजूला गुळगुळीत दाढी केलेला अल्पेशशेठ. अल्पेशशेठचं खळ्यापासून अर्ध्या मैलावर रिसॉर्ट आहे. तो स्वतः मुंबईला राहतो आणि शनिवारी येऊन सोमवारी जातो. पत्रकांवर स्वतःला भूमिपुत्र म्हणून छापतो, कारण आजोळ इथलं.

केसरची पाळी आली तेव्हा ती माईकला हात न लावता बोलली. तिला माईकची गरज कधी पडलेली नाही.

"सायेब, हे दहा रुपयं कुनी ठरवलं?"

"मंडळाच्या बैठकीत ठरलं, ताई. सर्वानुमते."

"बैठक कुठं झाली?"

"मुंबईला."

"आमच्यातला कोन व्हता?"

साहेबाने कागद चाळले. "किनारपट्टीचे प्रतिनिधी होते ना. हे अल्पेशजी."

अल्पेशशेठने उठून हात जोडले.

"ह्याला निवडला कुनी?"

"शासनाने नियुक्त केलंय."

"मंग ते शासनाचे प्रतिनिधी. आमचे कसले?" केसरने अल्पेशशेठकडे बोट केलं. "शेट, बोंबील जोडीनं टांगतात का एकेकटा?"

अल्पेशशेठ हसला, साहेबाकडे बघितलं, पुन्हा हसला. मागून भागुबाई म्हणाली, "सांगा की." तो खाली बसला. हॉलमध्ये हशा पिकला, पण केसर हसली नाही.

"चाळीस वर्सं मी ती जागा चोपतेय. तुमी अकराव्या माळ्यावर बसून उंटावरनं शेळ्या हाकताय. आयत्या बिळावर नागोबा! वादळ आलं तवा खळं व्हाऊन गेलं, तवा मंडळ कुठं व्हतं? एक पाटी माती टाकलीत? दिवा दिला? पाणी दिलं? न्हाय. मंग पैसे कशाचे?"

साहेब शांत होता. रागावणाऱ्या माणसापुढे शांत बसायचा त्याला पगारच मिळतो. त्याने एक कागद वर धरला. "ताई, हे तुमचंच उत्तर आहे. जागा कोणाची, तर आमची नाही. आम्ही मालक नाही. बत्तीसच्या बत्तीस जणींनी हेच सांगितलंय. आता तुम्हीच म्हणताय तुमची नाही, तर हरकत कशाच्या आधारावर घेता?"

केसरला काय झालं ते बाकीच्या अकराजणी आजही आपापल्या परीने सांगतात. तिची कानशिलं लाल झाली. तिला वाटलं, आपल्या नम्रपणाचा याने दोर वळला आणि आपल्याच पायात घातला. देवीपुढे वाकलेलं डोकं बघून याला वाटलं, हे डोकं आपल्यापुढे वाकलं.

"माझी हाय," ती म्हणाली.

मागे एकीने कानाला हात लावला.

"माझी हाय ती जागा! लिवा. देवीसमोर माझी न्हाय. तुमच्यासमोर माझी हाय. तुमच्या बापासमोर बी माझीच हाय."

मग भागुबाई उठली. "माझी बी." मग तिसरी, मग चौथी. बाराजणींनी पिढ्यान्‌पिढ्या गिळलेला शब्द त्या हॉलमध्ये ओकून टाकला. साहेबाने निर्णय राखून ठेवला, म्हणजे नेहमीप्रमाणे काहीच केलं नाही.

रीत ती रीत. दुसऱ्या दिवशी बाराजणींनी दंडाच्या बारा पाट्या खळ्यावर आणून ठेवल्या. वाटून घ्यायला बाकीच्या वीसजणी आल्या, तर त्याही आपापल्या पाट्या घेऊनच आल्या. त्यांनी म्हणे घरात बसून तोच शब्द म्हणून घेतला होता. दंड भरणाऱ्या बत्तीस, घेणारं कोणी नाही. शेवटी सगळे बोंबील बौद्धवाडीत आणि शाळेच्या खिचडीवाल्या बायांना वाटले.

शुल्क मात्र कायम राहिलं. मंडळाने पावत्या फाडायला बोर्ली पंचतनचा चांगदेव नेमला. सुरूखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तो बसायचा. पहिल्याच दिवशी त्याने पिवळ्या रंगाने प्रत्येक जागेच्या पुढच्या खांबावर नंबर घातले. केसरची जागा चौदा. बाया त्याला चहा द्यायच्या, जेवायला आमटी-भात द्यायच्या, पावती तेवढी घ्यायच्या नाहीत. त्याच्या पोटावर कोणाचा राग नव्हता.

प्रज्ञाने नियमावली खोदून काढली तेव्हा खरी मेख कळली. "नीट ऐका," ती म्हणाली. "या खळ्यावर कोणीही एकाने जरी वर्षाचा परवाना घेतला, तरी मंडळाची मालकी सगळ्यांनी मान्य केली असं धरणार. एकीने घेतला की बत्तीस जणी गेल्या."

त्यावर बायांनी देवीच्या पाषाणावर हात ठेवून शपथ घेतली. पहिला हात केसरचा. दोन महिने झाले, अडीच झाले. नोटिसा आल्या, त्यांच्या भागुबाईच्या नातवाने होड्या केल्या. एकही पावती फाटली नाही. चांगदेव खुर्चीत घोरायला लागला.

आणि एका मंगळवारी तोच चांगदेव मोबाईल नाचवत खळ्यावर आला. बिचाऱ्याला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय.

"केसरमावशी, सुटलात! तुमचा अख्ख्या वर्साचा परवाना निघाला. चौदा नंबर. ऑनलाईन भरलेत ना?"

केसरच्या हातात बोंबलाची जोडी होती, ती तशीच राहिली. एकतीस बायांनी तिच्याकडे बघितलं. भागुबाई रडायला लागली असती तरी परवडलं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि मग पाठ करून आपल्या दोरीकडे वळली. केसरला कळायला क्षणभर लागला. तिच्या नावाने, तिच्या आधार नंबराने पैसे भरील असा जगात एकच माणूस होता.

भावेश तिचा एकुलता मुलगा. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. पनवेलला बायको-मुलीसह राहतो, महिना-दोन महिन्यांनी येतो, आईचं बीपीचं औषध न चुकता पाठवतो. गुणी मुलगा, कोणीही सांगेल. फोनवर केसर एवढंच म्हणाली, "घरी ये." तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला.

"आई, नावानिशी केस करणार होते," तो उंबऱ्यातच सांगायला लागला. "यादीत पहिलं नाव तुझं होतं. मला मंडळातल्या एका ओळखीच्या माणसाने आतली खबर दिली. तू पोलीस स्टेशनला बसणार या वयात? बाबा बोटीवर, मी तिकडे. रात्रभर झोप नाही लागली मला. पैसे माझे भरलेत, तुझा एक रुपया गेला नाही."

"मला इचारलंस?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"इचारलंस का?"

भावेश वैतागला. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

"व्हय," केसर म्हणाली. "न्हाय म्हनले आसते. तुला ठाव व्हतं मी न्हाय म्हननार. म्हनून इचारलं न्हायस." तिचा आवाज चढला नाही, आणि तिचा आवाज चढला नाही म्हणूनच भावेश घाबरला. "त्यो सायेब बी आसंच बोल्ला, भल्यासाठी. तुझ्यात आनि त्याच्यात काय फरक रं? त्यो अकराव्या माळ्यावर, तू पनवेलला. मी हितं जिती हाय, आनि माझं तुमी तिथनं ठरवताय. त्यो परका तरी व्हता."

भावेश खाली बसला. त्याने आजवर आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या, मारही खाल्ला होता. असं बोलणं पहिल्यांदा खाल्लं. परवाना रद्द करायला तो लगेच मोबाईलशी झटला. अर्ज केला, फोन केले. उत्तर एकच: भरलेला परवाना मागे घेता येत नाही.

प्रज्ञा पुन्हा नियमावली घेऊन बसली. या वेळी तिला वाट सापडली, पण ती सांगायला तिची जीभ रेटेना. केसरनेच खोदून विचारलं.

"एक कलम आहे," प्रज्ञा म्हणाली. "परवाना घेतलेली जागा पंधरा दिवस पूर्ण मोकळी दिसली, खांब नाही, दोरी नाही, काही नाही, तर परवाना सुरुवातीपासून रद्द. घेतलाच नव्हता असं धरतात. मग बाकी एकतीस जणी सुटतात."

"आनि माझी जागा?"

"यादीतून बाद. कायमची. तिथे पुन्हा तुम्हांला काही टांगता येणार नाही. आणि मावशी, दुसरीच्या दोरीवरही नाही. तुम्ही त्यांच्या जागेवर काम करताना सापडलात तर त्यांच्यावर शेकेल."

बायांनी गलका केला. भागुबाई म्हणाली, "आगो, गेली तर सगळ्यांची जाऊ दे! भरू दहा रुपयं, मरू दे तिकडं." आणि हे ती मनापासून म्हणत होती. केसरने तिच्या तोंडावर हात ठेवला.

काढायचे ठरले ते खांब आठ होते, चांगले हातभर खोल गेलेले. पुढचा खांब सासूच्या, कृष्णाबाईच्या हातचा, सागवानी. दुपारी बाराच्या उन्हात, सगळ्या बाया आपापल्या जागेवर उभ्या असताना केसरने कासोटा खोचला आणि पहारीने पहिला खांब हलवायला घेतला. चांगदेव खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याला फोटो काढून मंडळाला पाठवायचे होते, पण मोबाईल खिशातून काढायची त्याची छाती झाली नाही. केसर एकेका खांबाला शिव्या देत होती. मंडळाला, साहेबाला, अल्पेशशेठला, त्या टॅबला, स्वतःच्या जिभेला. रडू आलं की ती शिवी देते, हे वाड्याला माहीत आहे.

सात निघाले. आठवा, तो सागवानी, काही केल्या हलेना. केसरचे हात सोलवटले होते. पहार निसटली आणि केसर गुडघ्यांवर आली. दोन-तीन बाया पुढे झाल्या, पण तिने नुसतं बघितल्यावर थांबल्या.

भावेश इतका वेळ खळ्याच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो चप्पल काढून आत आला, आईपासून हातभर अंतरावर थांबला, आणि म्हणाला, "आई, मी हात लावू का?"

केसरने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं, उत्तराची वाट बघत उभा होता.

"न्हाय," ती म्हणाली.

भावेशने पुढे केलेला हात मागे घेतला. केसर उठली, पहार पुन्हा बुडाशी घातली आणि सगळा भार देऊन दाबली. खांब निघायला बराच वेळ लागला. तोवर तो तिथेच उभा राहिला.